टाकून देणे म्हणजे वैराग्य नव्हे

वस्तूंवर जीव लावू नये, हा उपदेश आपण प्रवचनांतून ऐकतो, वडीलधाऱ्यांच्या तोंडून ऐकतो आणि अलीकडे घरातल्या तरुण मंडळींकडूनही ऐकतो. पहिल्या दोघांचा हेतू आम्ही जाणतो. कसर आणि जंग लागणाऱ्या संपत्तीविषयी पर्वतावरील प्रवचनात जो इशारा आहे तो लोभाविरुद्ध आहे, आणि तो आम्हांला शिरोधार्य आहे. परंतु दोन वर्षांचा मोबाइल बाजूला सारून नवा घेणारा तरुण जेव्हा ‘वस्तूच तर आहे, तिच्यात काय अडकायचे?’ असे म्हणतो, तेव्हा त्या वाक्याला वैराग्याचा वास येत असला तरी ती भाषा दुकानदाराची आहे. जुनी वस्तू सहज टाकणारा माणूस निरिच्छ असतो असे नाही. बहुधा त्याचा जीव नव्या वस्तूत आधीच गुंतलेला असतो.

पेण-रोह्याकडच्या जुन्या घरांत तांब्यापितळेची भांडी अजून सापडतात. काठाखाली नाव कोरलेले, कुठे लग्नाचे सालही. भांड्याच्या आतली कल्हई उडाली की कल्हईवाल्याची वाट पाहिली जाई. तो अंगणात भाता मांडी, भांडे तापवी, नवसागर टाकी आणि कथील फिरवून आतून चंद्रासारखे लख्ख करून देई. त्या भांड्यावर आजीचे प्रेम होते म्हणून ते टिकले, की टिकले म्हणून प्रेम जडले? दोन्ही खरे असावे. पण या दोहोंच्याही आधीची अट अशी, की ते भांडे दुरुस्तीला खुले होते. एक थर झिजला तर दुसरा चढवता येत होता, आणि त्यासाठी आजीला कारखानदाराची परवानगी लागत नव्हती.

इंग्लंडात जोनाथन चॅपमन यांनी २००५ साली ‘इमोशनली ड्युरेबल डिझाइन’ हे पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे, की पुष्कळ वस्तू बिघडल्यामुळे नव्हे, तर माणसाचे त्यांच्याशी असलेले नाते तुटल्यामुळे फेकल्या जातात. म्हणून वस्तू अशी घडवावी की वापरणाऱ्याचा तिच्याशी स्नेह जुळावा आणि तो टिकावा. विचार मोलाचा आहे. श्रीमंत देशांत तो बराचसा लागूही पडत असेल. मात्र आमच्या जिल्ह्यातील मध्यमवर्गीय आणि गरीब कुटुंबांपुरते बोलायचे, तर येथे नाते तुटलेले नसते. ते तोडायला लावले जाते.

रोह्यातील आमच्या परिचयाच्या एका कुटुंबाचे उदाहरण पाहा. घरातले वडील वारले. नातवंडांसाठी त्यांनी सांगितलेल्या गोष्टी आणि संध्याकाळच्या रोजरीतला त्यांचा आवाज त्यांच्या मोबाइलमध्ये राहिला होता. काही महिन्यांनी बॅटरी फुगली, मागची पाठ उचलली गेली आणि फोन सुरू होईना. अधिकृत सेवाकेंद्रात उत्तर मिळाले, की या मॉडेलचे भाग येणे बंद झाले आहे. नवा घ्या, जुन्याचे काही पैसे वळते करून देऊ. जणू प्रश्न पैशांचा होता! अखेर बाजारपेठेतल्या एका दुरुस्ती करणाऱ्या मुलाने फोन तापवून डिंक सैल केला आणि कुठल्याशा बनावटीची बॅटरी बसवली. त्यात पडद्याला तडा गेला, पण आवाज हाती लागला. त्या मुलाकडे ना कंपनीचे माहितीपत्रक होते, ना अस्सल भाग. त्याच्या हातचलाखीवर एका कुटुंबाची आठवण अवलंबून राहिली, हे आम्हांला अजिबात भूषणावह वाटत नाही.

लिथियमची बॅटरी प्रत्येक भरणीगणिक थोडी थोडी झिजणारच. तो रसायनशास्त्राचा नियम आहे, त्याबद्दल कोणाला दोष देता येत नाही. दोष आहे तो, झिजणार हे ठाऊक असलेला भाग डिंकाने चिकटवून बंद करण्यात. फोन पातळ व्हावा, पाणी आत शिरू नये, अशी कारणे दिली जातात. ती अगदीच खोटी नाहीत. पण ती देणाऱ्यांचा इतिहास विश्वास वाढवणारा नाही. १९२४ साली विजेचे दिवे बनवणाऱ्या बड्या कंपन्यांनी जिनिव्हात एकत्र येऊन दिव्याचे आयुष्य हजार तासांवर आणून ठेवण्याचे ठरवले होते. जुन्या बॅटरीचे आयफोन सॉफ्टवेअरच्या द्वारे मंद केले जात असल्याची कबुली अॅपलने डिसेंबर २०१७ मध्ये दिली. फोन अचानक बंद पडू नये यासाठी ते केले, असा खुलासा झाला; तरी ग्राहकाला आधी सांगितले नाही म्हणून फ्रान्सने २०२० मध्ये अडीच कोटी युरोंचा दंड केलाच.

येथे पेणच्या कारखान्यांकडे वळावेसे वाटते. पेण, हमरापूर, जोहे या भागात वर्षभर गणेशमूर्ती घडतात. आमच्या शेजाऱ्यांच्या घरी ती मूर्ती येते, दीड दिवस, पाच दिवस, दहा दिवस राहते आणि भरल्या डोळ्यांनी निरोप घेते. प्रेम आणि सोडून देणे एकाच वेळी कसे साधते, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे आहे. शाडूची मूर्ती पाण्यात विरघळते. तिचे आयुष्य आणि तिची माती यांचा मेळ आहे. प्लास्टर ऑफ पॅरिस आले आणि तो मेळ बिघडला. मे २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने अशा मूर्तींना मनाई करणारी मार्गदर्शक तत्त्वे काढली. जून २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मूर्ती घडवण्यास व विकण्यास मुभा दिली, पण न्यायालयाच्या परवानगीविना नैसर्गिक जलाशयांत विसर्जन नको, असे बजावले. म्हणजे ‘तुमची वस्तू शेवटी कुठे जाणार?’ या प्रश्नाचे उत्तर पेणच्या मूर्तिकाराला वर्षानुवर्षे द्यावे लागले. ते विचारणे योग्यच होते.

मग मोबाइल बनवणाऱ्याला काय विचारले जाते? १ एप्रिल २०२३ पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांनी उत्पादकांवर पुनर्चक्रीकरणाची जबाबदारी टाकली आहे. वस्तू मेल्यावर तिचे काय करणार, हे त्यांत विचारले आहे. ती इतक्या लवकर का मेली, हे तितक्या कठोरपणे विचारलेले नाही. आणि पुनर्चक्रीकरणाच्या भरवशावर किती राहावे? २०२२ या एका वर्षात जगात सहा कोटी वीस लाख टन ई-कचरा निघाला; त्यातील जेमतेम २२ टक्के रीतसर गोळा होऊन पुन्हा वापरात आल्याची नोंद आहे. पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या विश्वपत्रात फेकून देण्याच्या संस्कृतीवर जी टीका केली, ती केवळ प्लास्टिकच्या पिशव्यांपुरती समजून आपण मोकळे झालो आहोत की काय, अशी शंका येते.

युरोपीय संघाने २० जून २०२५ पासून नियमच केला आहे. बॅटरी ८०० वेळा भरल्यावरही तिची ८० टक्के क्षमता उरली पाहिजे. मॉडेलची विक्री थांबल्यावर सात वर्षे सुटे भाग आणि किमान पाच वर्षे सॉफ्टवेअरची सुधारणा मिळाली पाहिजे. आपल्याकडे ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी डिसेंबरात एक संकेतस्थळ उघडले. समिती आणि संकेतस्थळ यांवर समाधान मानणारे समाधान मानोत. रोह्यातल्या त्या मुलाला अस्सल बॅटरी रास्त दरात आणि फोन उघडण्याची रीत छापील स्वरूपात मिळणार नसेल, तर या हक्काचा त्याला उपयोग काय?

असा टिकाऊ फोन महाग पडेल, गरिबाला तो परवडणार नाही, हा आक्षेप आम्ही ऐकला आहे. तो करणारे बहुधा गरीब नसतात. सहा वर्षांत तीन स्वस्त फोन घेणाऱ्याने हिशेब करून पाहावा.

तोवर आपल्या हातातले काम थांबवण्याचे कारण नाही. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, आणि धर्मग्रामांच्या कार्यालयांतले, शाळांतले कितीतरी धडधाकट संगणक केवळ तेवढ्यावरून भंगारात निघण्याच्या बेतात आहेत. यांतील बहुतेकांवर लिनक्स विनामूल्य चालते. सी-डॅकने तयार केलेली ‘बॉस’ ही भारतीय आवृत्ती मराठीतही काम करते. युवा मंडळातल्या दोन जाणत्या मुलांना एक रविवार पुरेल. भंगारवाल्याला बोलावण्याआधी त्यांना बोलवावे.