कुत्र्या-मांजरांना सेंट मारताय? आधी बाटलीची मागची बाजू वाचा

मंडळी, रस्ते, पाणी, पीकविमा यावर आपण नेहमीच बोलतो. आज कुत्र्या-मांजरांच्या सेंटवर लिहितोय. हसू नका, हाही सार्वजनिकच विषय आहे.

बुलडाणा काय, खामगाव काय, चिखली-मलकापूर काय, आता घराघरात लॅब्राडोर आणि पर्शियन मांजरं दिसतात. त्यांच्यामागून अंगावर मारायचे सुगंधी स्प्रेही आले. दुकानात नसेल तर मोबाइलवरून मागवले जातात. सुगंधाला माझी हरकत नाही. पण आपण काय फवारतोय हे माहीत नसताना फवारायचं, याला आहे. कपाशीच्या औषधाच्या डब्यावर विषाची तीव्रता सांगणारी लाल, पिवळी, निळी किंवा हिरवी खूण असते. आपला शेतकरी ती बघतो. मग रोज पोरांच्या मांडीवर बसणाऱ्या जनावरावर काय मारतो, ते आपण काहून बघत नाही?

आता कायद्याची गंमत बघा. १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्यात सौंदर्यप्रसाधन म्हणजे मानवी शरीराला लावायची वस्तू. जनावरांचं औषध या कायद्यात येतं, जनावरांचा सेंट मात्र या व्याख्येत बसत नाही. माणसाच्या पावडरच्या डब्यावर घटक छापावे लागतात, तो नियम कुत्र्याच्या स्प्रेला लागू होत नाही. वैधमापनाच्या नियमांमुळे उत्पादकाचं नाव-पत्ता, वजन-माप, किंमत आणि तक्रारीचा क्रमांक छापावा लागतो. आत काय भरलंय ते मात्र ज्याच्या त्याच्या मर्जीवर.

आणि हे मांजराच्या जिवाशी येऊ शकतं. मांजराचं यकृत काही रसायनं नीट मोडू शकत नाही. टी ट्री तेल, निलगिरी, विंटरग्रीन, लिंबू-संत्र्याच्या सालीचं तेल, फिनाईलसारखे पदार्थ तिला बाधतात. पर्मेथ्रिन असलेला गोचीड-पिसवांचा स्प्रे कुत्र्यासाठी विकला जातो, पण मांजरासाठी तो जीवघेणा ठरू शकतो. त्यात मांजर दिवसभर अंग चाटते. तुम्ही केसांवर मारलेलं सगळं शेवटी तिच्या पोटात जातं. त्यामुळे मांजराला सेंट नकोच, असं माझं स्पष्ट मत आहे. ओल्या फडक्यानं पुसा, ब्रश फिरवा, झालं.

दुसरी गोष्ट म्हणजे, वास ही बातमी असते. कानाला घाण वास येतोय म्हणजे कानात संसर्ग असू शकतो. तोंडाला येत असेल तर दात-हिरड्या बघा. अंगाला कुबट वास म्हणजे बुरशी असेल. पावसाळ्यात लपलेल्या जखमेत किडे पडले तरी आधी वासच सांगतो. त्यावर सेंट मारणं म्हणजे बातमी दाबणं. दाबलेली बातमी नंतर मोठी होऊन बाहेर येते, हे आमच्या धंद्यात आम्ही रोज बघतो.

जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या गावांत लोकांचे केस झपाट्यानं गळायला लागले, तेव्हा पाण्याचे नमुने गेले, आयसीएमआरचं पथक आलं. माणसं बोलली म्हणून यंत्रणा हलली. मुक्या जनावराचे केस गळाले तर आपण म्हणतो, "उन्हाळा हाय, गळतात."

तरी कुत्र्यासाठी घ्यायचाच असेल, तर एवढं पाळा. घटक छापलेले नसतील ती बाटली घेऊ नका. पाण्यावर आधारलेला, अल्कोहोल नसलेला, मंद वासाचा घ्या. त्याचं नाक आपल्यापेक्षा कितीतरी पटीनं तिखट आहे. माणसाचा डिओ अजिबात नको. आधी थोड्याशा जागी लावून दिवसभर वाट बघा. स्प्रे हातावर किंवा ब्रशवर घेऊन पाठीवर फिरवा. डोळे, नाक, तोंड, जखम टाळा. बंद खोलीत मारू नका, घरात मांजर असेल तर अजून जपा. जनावर लाळ गाळू लागलं, थरथरलं, झोकांड्या खाऊ लागलं, तर घरगुती उपाय करत बसू नका. बाटली सोबत घ्या आणि थेट पशुवैद्यकाकडे जा.

मागणी साधी आहे. प्राण्यांच्या अंगाला लावायच्या प्रत्येक वस्तूवर घटक आणि "मांजरासाठी नाही" असा इशारा मराठीत छापणं सक्तीचं करा. आपल्या खासदार-आमदारांनी हा मुद्दा उचलावा. दुकानदार भावांनी निनावी माल ठेवू नये. बाटलीवर उत्पादकाचा पत्ता किंवा किंमतच नसेल, तर ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार करा.

आज घरी गेल्यावर ती बाटली उलटी करून बघा. घटक छापलेत की नाही, मला कळवा. यादी घेऊन मी संबंधितांना विचारतो.