वकिलीला ‘पॅटर्न’ लावू नका



नीटचा निकाल लागला की नांदेडच्या न्यायालयात वकिली करणाऱ्या माझ्यासारख्याला हमखास ऐकावे लागते, ‘वकीलसाहेब, डॉक्टरकीचं काही जमलं नाही, पोराला लॉचा क्लास कुठला लावू?’ कायदा म्हणजे उरलेल्यांची शाखा, हा समज हळूहळू का होईना सुटतो आहे. क्लास लावला की झाले, हा समज मात्र घट्ट होत चालला आहे आणि माझा वाद त्याच्याशी आहे.

क्लासचा विषय निघाला की लातूर पॅटर्न आठवतो. त्याबद्दल मला आकस नाही. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी खेड्यातल्या मुलांना राज्याच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसवले. पण त्या पद्धतीचा जीव ठरलेल्या अभ्यासक्रमात आणि सराव परीक्षांच्या माऱ्यात आहे. राष्ट्रीय विधी विद्यापीठांच्या प्रवेश परीक्षेचे, म्हणजे क्लॅटचे, तसे नाही. 2020पासून ही परीक्षा उताऱ्यांवर बेतलेली आहे. साधारण साडेचारशे शब्दांचा इंग्रजी उतारा, त्याखाली प्रश्न. दोन तासांत 120 प्रश्न आणि चुकीच्या उत्तराला पाव गुण वजा. कायद्याच्या प्रश्नांनाही आधीचे ज्ञान लागत नाही, लागणारा नियम उताऱ्यातच दिलेला असतो. मग पाठ करायचे ते काय? राज्याच्या लॉ सीईटीत वजा गुण नाहीत, पाठांतरालाही थोडा वाव आहे. तिथे क्लासचा उपयोग होतो, हे मान्य.

यावर क्लासवाल्यांचे उत्तर ठरलेले असते. जिल्हा परिषद शाळेतल्या मुलांना इंग्रजी उतारे झेपत नाहीत, म्हणूनच तर क्लास! दुखणे खरे आहे, औषध चुकीचे. वाचनाचा वेग क्रॅश कोर्सने वाढत नाही. अकरावीपासून रोज एक मराठी आणि एक इंग्रजी अग्रलेख वाचावा, लेखकाचे म्हणणे काय आणि त्याला आधार कशाचा, हे चार ओळींत लिहून काढावे. सार्वजनिक वाचनालयात हे जवळपास फुकट होते. कंटाळवाणे आहे खरे, पण वकिलीही बरीचशी अशीच असते.

भाषेचा अन्याय मात्र क्लासनेही दूर होणार नाही आणि वाचनानेही पुरता नाही. राज्याची सीईटी मराठीतून देता येते. पदवीनंतरची अखिल भारतीय बार परीक्षासुद्धा मराठीतून देता येते. क्लॅट तेवढी फक्त इंग्रजीत. मराठवाड्यात, छत्रपती संभाजीनगरला, 2017मध्ये राष्ट्रीय विधी विद्यापीठ सुरू झाले, पण पदवीच्या वर्गात शिरायचे तर वाट क्लॅटमधूनच जाते. (निजामाच्या राज्यात उस्मानिया विद्यापीठाचे शिक्षण उर्दूतून चाले. भाषा इंग्रजी नव्हती म्हणून तिथल्या वकिलांचे काही अडले नाही.) क्लॅट मराठीतूनही व्हावी, ही मागणी आमच्या खासदार-आमदारांनी लावून धरायला हवी.

प्रवेशानंतर तर आनंदच. बार कौन्सिलच्या 2008च्या नियमांनुसार तीन वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 12 आणि पाच वर्षांच्या अभ्यासक्रमात किमान 20 आठवड्यांची इंटर्नशिप लागते. पुष्कळांची इंटर्नशिप म्हणजे ओळखीच्या वकिलाकडून आणलेले प्रमाणपत्र! तेवढे आठवडे मुखेड, कंधार, उदगीर किंवा निलंग्याच्या न्यायालयात मागच्या बाकावर बसून काढले, तर उलटतपासणी कशी फसते हे दिसेल. बांधाच्या वादात सातबारा, फेरफार आणि जुने खासरा पत्रक कसे वाचतात, तेही कळेल. आपल्या मराठवाड्यात कुळांच्या जमिनींना अजूनही 1950चा हैदराबाद कूळवहिवाट कायदा लागू होतो, तो पुण्या-मुंबईच्या नोट्समध्ये सापडत नाही. कनिष्ठ न्यायालयांची भाषा 1998पासून मराठी आहे. तरी साधा अर्ज शुद्ध मराठीत लिहिता न येणारे पदवीधर माझ्याकडे ज्युनिअर म्हणून येतात.

आणखी एक गोष्ट पालकांना प्रवेशाआधीच सांगायला हवी. पदवी घेऊन थेट न्यायाधीशाच्या परीक्षेला बसण्याची सोय संपली आहे. सर्वोच्च न्यायालयाने मे 2025मध्ये दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी तीन वर्षांच्या वकिलीची अट पुन्हा घातली. वकील म्हणून नोंदणी करण्याचा खर्च त्याआधीच कमी झाला आहे. जुलै 2024च्या निकालानुसार बार कौन्सिलांना नोंदणीसाठी खुल्या प्रवर्गाकडून 750 आणि अनुसूचित जाती-जमातींकडून 125 रुपयांहून अधिक शुल्क घेता येत नाही. खरा खर्च त्यानंतरचा. खोलीभाडे, मेस, पुस्तके आणि काळा कोट हे सगळे आले, पण सीनियरकडून मिळते ते पेट्रोलपुरते, कधी तेही नाही. शेतकऱ्याचे, मजुराचे पोर वकिली सोडते ते इथेच. तेव्हा पालकांना माझी विनंती आहे, लॉच्या क्लाससाठी बाजूला काढलेले पैसे मोडू नका. मुलीच्या किंवा मुलाच्या वकिलीच्या पहिल्या तीन वर्षांसाठी ते राखून ठेवा.

– एक वकील, नांदेड