‘शुगर फ्री’ बटाटा आणि मधुमेह

अलीकडे भाजीबाजारात ‘शुगर फ्री बटाटा’ अशी पाटी दिसू लागली आहे. दर साध्या बटाट्याहून चढा असतो, तरी मधुमेहाचे रुग्ण तो पिशवी भरून नेतात आणि निर्धास्तपणे खातात. एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीत बटाटा, जोडीला बटाट्याचा कीस, आणि दुसऱ्या दिवशी रक्त तपासले की साखर वाढलेली! विचारले तर उत्तर तयार असते, ‘‘पण डॉक्टर, बटाटा शुगर फ्री होता.’’

बटाट्यातली साखर आणि आपल्या रक्तातली साखर या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बटाट्यात तीन-चतुर्थांशाहून अधिक पाणी असते, आणि उरलेल्या भागात बहुतेक पिष्ट म्हणजे स्टार्च. 100 ग्रॅम बटाट्यात ते साधारण 15 ते 20 ग्रॅम भरते. पिष्ट म्हणजे ग्लुकोजचीच लांब साखळी. पोटात ती तुटते आणि ग्लुकोज रक्तात उतरते. जिभेला गोड लागणारी मोकळी साखर चांगल्या बटाट्यात मुळातच फार थोडी. पाटीवरच्या बटाट्यात ती आणखी थोडी, एवढाच त्या पाटीचा अर्थ. पिष्ट जागच्या जागी असते. मधुमेह्याला दोन्ही बटाटे सारखेच.

मग ही मोकळी साखर कमी करण्याचा खटाटोप कशासाठी? तळण्यासाठी. बटाट्याला कोंब फुटू नयेत म्हणून तो शीतगृहात 2 ते 4 अंश सेल्सिअसला ठेवतात. त्या थंडीत बटाटा आपल्या पिष्टाची साखर करू लागतो. असा बटाटा गोडसर लागतो आणि तळला की काप तांबूस-काळे पडतात, हे आपल्या गृहिणींना चांगले ठाऊक आहे. रंगापुरतेच असते तर एवढे काही नव्हते. पण 2002 साली स्वीडनमधील शास्त्रज्ञांना असे आढळले की पिष्टमय पदार्थ कडक तळले किंवा भाजले की त्यांत ॲक्रिलामाइड नावाचे द्रव्य तयार होते. बटाट्यातील ॲस्परॅजिन आणि ग्लुकोज-फ्रुक्टोज या साखरा 120 अंशांहून अधिक उष्णतेत एकत्र आल्या की ते होते. हे द्रव्य माणसाला बहुधा कर्ककारक असावे, असे वर्गीकरण आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने 1994 सालीच केले होते. आहारातल्या ॲक्रिलामाइडमुळे माणसांत कर्करोग होतो हे ठामपणे सिद्ध झालेले नाही, पण टाळता येईल ते टाळावे. आपल्याकडे उन्हाळ्यात वेफर्स वाळत घालण्याआधी काप पाण्यात भिजवून उकळत्या पाण्यातून काढतात. आजीबाईंनी हे केले ते वेफर पांढरा राहावा म्हणून. पण त्या पाण्याबरोबर साखर आणि ॲस्परॅजिन दोन्ही निघून जातात!

तळून काळा न पडणारा बटाटा तयार करण्याचे काम आपल्याकडेही झाले आहे. शिमल्याच्या केंद्रीय बटाटा संशोधन संस्थेने 1998 साली खास चिप्ससाठी कुफरी चिप्सोना वाण दिले. ते नेहमीच्या संकराच्या मार्गाने आले. आता जनुक संपादनाचा मार्ग निघाला आहे. थंडीत साखर सुटी करणारे एक विकर बटाट्यात असते. त्याचा जनुकच अमेरिकेतील संशोधकांनी ‘रेंजर रसेट’ या वाणात बंद केला. बटाट्यात प्रत्येक जनुकाच्या चार-चार प्रती असतात. चारही बंद कराव्या लागल्या. 2016 साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात शीतगृहात ठेवूनही त्या बटाट्यात साखर जवळजवळ वाढली नाही आणि चिप्समधले ॲक्रिलामाइड बरेच घटले. काही रोपांत बाहेरचा जनुक उरलाही नव्हता.

जनुकाला हात लावला म्हणजे विष, असे म्हणणारे बरेच भेटतात. मला ते पटत नाही. अमेरिकेतच 1967 साली ‘लेनापे’ नावाचा बटाटा आला. चिप्सला उत्तम, आणि साध्या संकरातून काढलेला. पण त्यात सोलॅनिनसारखी विषारी द्रव्ये इतकी निघाली की 1970 साली तो मागे घ्यावा लागला. म्हणून बटाटा कोणत्या मार्गाने आला यापेक्षा त्यात काय आहे ते मोजा, असे माझे म्हणणे आहे. आपल्या सरकारने 2022 साली बाहेरचा जनुक नसलेल्या संपादित पिकांना नियमांतून बरीच सूट दिली. 2025 साली भाताचे असे दोन वाण जाहीरही झाले. उद्या बटाट्याची पाळी येईल. सूट द्यायला हरकत नाही, पण सोलॅनिन किती आणि साखर किती याचे आकडे वाणाबरोबर छापून यावेत.

दुसरी तक्रार अशी की हे बहुतेक संशोधन चिप्सच्या कारखान्यासाठी चालते. मधुमेह्याने आस धरावी असे काम निराळेच आहे. स्वीडनमधील संशोधकांनी पिष्टाला फांद्या फोडणारी विकरे बंद करून केवळ सरळ साखळीचे पिष्ट असलेला बटाटा तयार केला. ते 2021 साली प्रसिद्ध झाले. असे पिष्ट आतड्यात सहजी पचत नाही, म्हणून रक्तातली साखर सावकाश वाढेल अशी आशा आहे. तो बटाटा आपल्या ताटात यायला अवकाश आहे, आणि आला तरी पीक कसे येते, भाजी कशी लागते, हे पाहावेच लागेल.

तोवर मधुमेह्यांनी पाटीकडे न बघता हिशेब ठेवावा. एक मध्यम बटाटा खाल्ला तर त्या जेवणात एक पोळी कमी. उपासाला साबुदाणा आणि बटाटा एकत्र नको. तळायचेच झाले तर काप सोनेरी होताच काढावेत. हिरवट बटाटा मात्र कोणीच खाऊ नये. उकडल्याने सोलॅनिन जात नाही. कोंब आणि हिरवा भाग खोलवर कापून टाकावा, आणि कडू लागला तर अख्खा बटाटाच फेकून द्यावा.