पोरांच्या तोंडी घोषणा, बापाच्या हाती बॅटरी

चिमूर तालुक्यातील पालक, शिक्षक आणि ग्रामसभांच्या सभासदांसाठी जाहीर पत्रक

गेल्या डिसेंबरात आपल्याच तालुक्यातल्या एका गावात ऊर्जा बचत सप्ताहाची फेरी निघाली. गावाचं नाव लिहीत नाही, शाळेचंही नाही. अशी फेरी कोणत्याही गावात निघू शकते, निघतेच. सकाळचे साडेसात, धुकं उतरलेलं, सातवी-आठवीची पोरं हातात पुठ्ठ्याचे फलक घेऊन ‘वीज वाचवा, देश वाचवा’ ओरडत चाललेली. एका घरापुढे फेरी थांबली. त्या घरचा माणूस तासाभरापूर्वीच शेतातून आला होता. त्या आठवड्यात थ्री फेज लाईन रात्रीची, आणि गव्हाला पाणी द्यायची वेळ काही थांबत नाही. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात काठी, धुऱ्याच्या पलीकडे जंगल. त्याचा मुलगा फेरीच्या पहिल्या रांगेत होता. तो आपल्याच बापाला गळा फाडून सांगत होता, की वीज जपून वापरा.

मग शाळेत कार्यक्रम झाला. अकरा वाजता, लख्ख उन्हात, मंडपात सहा हॅलोजन पेटलेले होते. भाषण संपेपर्यंत ते कोणी विझवले नाहीत, कारण फोटो चांगले यायला हवे होते. आणि मंडपाची लाईन आली होती ती शाळेच्या मीटरवरून नाही. खांबावर आकडा टाकला होता.

रात्रीची लाईन, वाघ, जळालेली डीपी, नुकसानभरपाईची फाईल यांबद्दल तुम्हाला आम्ही काय सांगावं? तुमच्यापैकी प्रत्येकाने त्यावर एकदा तरी निवेदनावर सही केली आहे. हे पत्रक त्यासाठी काढलेलं नाही. हे पत्रक त्या फेरीसाठी आहे. ऊर्जा बचतीच्या नावाखाली पोरांना घोषणा पाठ करायला लावून गावावर सोडण्याची जी रीत पडली आहे, ती आम्हाला नको आहे.

आणि प्रभातफेरी म्हणजे काय, हे निदान चिमूरला कोणी शिकवू नये. १६ ऑगस्ट १९४२ ला, नागपंचमीच्या दिवशी, याच गावात फेरी निघाली होती. त्या फेरीवर गोळ्या चालल्या, बालाजी रायपूरकर हुतात्मा झाले. ती फेरी सत्तेच्या दारावर गेली होती. आजची फेरी सत्तेच्या सहीने निघते आणि ज्याच्या घरी एक पंखा आणि तीन दिवे आहेत त्याच्या दारावर जाते.

आता जरा हिशोब करू. गणित सातवीच्या पुस्तकातलं आहे, त्यामुळे कोणी घाबरू नये.

आपल्या जिल्ह्यातल्या औष्णिक वीज केंद्राची क्षमता २९२० मेगावॅट आहे. ते पूर्ण भाराने चाललं तर तासाला २९ लाख २० हजार युनिट, म्हणजे सेकंदाला सुमारे ८११ युनिट वीज तयार होते. समजा, पोरांच्या घोषणेने चमत्कार झाला. एक लाख घरांनी आपापला नऊ वॅटचा एलईडी दिवा एक तास बंद ठेवला. बचत किती? ९०० युनिट. एक लाख घरं तासभर अंधारात बसली, तेव्हा कुठे त्या केंद्राचं सव्वा सेकंदापेक्षाही कमी वेळाचं काम वाचलं.

मंडपातल्या हॅलोजनचाही हिशोब घ्या. पाचशे वॅटचे सहा, तीन तास, म्हणजे ९ युनिट. नऊ वॅटचा दिवा रोज पाच तास जळला तर त्याला तेवढी वीज जाळायला २०० दिवस लागतात. ज्या म्हातारीला पोरांनी ‘आजी, दिवा बंद करा’ म्हणून सांगितलं, तिचे २०० दिवस एका फोटोसाठी उडाले.

गावाने दिवे बदलायचे होते ते कधीच बदलले. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना आली. सरकारी घाऊक खरेदीने एलईडी दिव्याची किंमत तीनशेच्या वरून काही वर्षांत चाळीसच्या आत आली, देशभर ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले, आणि साठ वॅटचा पिवळा बल्ब घराघरांतून गेला. तो कोणत्या घोषणेने गेला? किंमत उतरली म्हणून गेला. गरीब माणूस वीज वाचवतोच. त्याला बिल भरायचं असतं.

त्याहून मजेची गोष्ट म्हणजे ज्या कायद्याच्या नावाने हा सप्ताह होतो, तो कायदासुद्धा म्हातारीच्या दिव्याकडे बोट दाखवत नाही. २००१ चा ऊर्जा संवर्धन कायदा मोठे वीजखाऊ उद्योग निश्चित करतो, त्यांना ऊर्जा लेखापरीक्षण करायला लावतो, ऊर्जा व्यवस्थापक नेमायला सांगतो, उपकरणांच्या दर्जाचे नियम ठरवतो. म्हणजे कायदा मोजमापावर उभा आहे आणि मोठ्यांपासून सुरू होतो. आपल्या शाळेत पोचेपर्यंत त्याचं मोजमाप गळून पडतं, मोठे गळून पडतात, उरतात रांगोळी आणि घोषवाक्य स्पर्धा.

यावर नेहमीची उत्तरं येतात. ती ऐकून कान किटले आहेत, तरी घेऊ.

‘मुलांवर संस्कार होतात.’ होतात ना. मुलाने पाहिलं की बाप रात्रभर बॅटरी घेऊन फिरला आणि दोषी तोच ठरला. मुलाने पाहिलं की भाषण बचतीचं आणि लाईन आकड्याची. हा संस्कार पक्का होतो, तो मोठेपणी उपयोगीही पडतो. पण त्याला ऊर्जा बचतीचा संस्कार म्हणू नका.

‘थेंबे थेंबे तळे साचे.’ हे सांगणारे बहुधा ज्या खोलीत बसून सांगतात, तिथला एसी माणूस उठून गेल्यावरही चालू असतो. थेंब साचवायला आमची ना नाही. पण तळ्याची पाळ फुटली असेल तर आधी पाळ बांधतात, हे मामा तलावांच्या या मुलखात शेंबडं पोरही सांगेल. देशातली बरीचशी वीज वाटेतच आणि वसुलीतच हरवते. हा शेकडा पंधराच्या आसपासचा तोटा आहे, आणि तो काही म्हातारीच्या दिव्याने होत नाही.

‘गावकरीच आकडे टाकतात, त्यांना शिकवायला नको?’ आकडा चूकच आहे. त्याने माणसं मरतात, डीपी जळते, शेजाऱ्याची मोटार जळते. आम्ही त्याची बाजू घेत नाही. फक्त हे शिकवायला येणाऱ्यांनी आपल्या मंडपाची वायर आधी गुंडाळून घ्यावी.

आणि शेवटचं, सगळ्यात चलाख उत्तर: ‘मुलांना राजकारणात ओढू नका.’ म्हणजे मुलाने बापाला टोकलं तर ते शिक्षण, आणि मुलाने विचारलं की आमच्याच शेतावर लाईन रात्रीच का येते, तर ते राजकारण! चिमूरच्या पोराला वीज कुठून येते हे कळायला नको का? याच तालुक्यात, ताडोब्याला लागून, बंदरचा कोळसा पट्टा आहे. २०२० मध्ये तो लिलावाच्या यादीत आला, लोकांनी विरोध केला, तेव्हा तो वगळला गेला. याच जिल्ह्याच्या मुख्यालयाला २००९ च्या देशव्यापी प्रदूषण निर्देशांकात ८३.८८ गुण मिळाले आणि ते देशात चौथं आलं. बाकी कशात आपण देशात चौथे आलो असतो तर शाळेत पेढे वाटले असते. कोळसा आमच्या जमिनीखालचा, राख आमच्या जिल्ह्यावर, रात्रीची लाईन आमच्या धुऱ्यावर आणि बचतीचा उपदेशही आम्हालाच. हे मुलाला समजलं तर तो बिघडेल, असं ज्यांना वाटतं त्यांना शिकलेली पोरं नको आहेत, भोंगे हवे आहेत.

मग मुलांनी ऊर्जेबद्दल शिकू नये, दुसऱ्याला शिकवू नये, असं आमचं म्हणणं आहे का? उलट आहे. शिकू द्या एवढंच मागतो आहोत.

तुमच्या घराच्या मीटरवर एक बारीक लाल दिवा लुकलुकतो. बऱ्याच मीटरवर त्याच्याजवळ ‘३२००’ असा आकडा छापलेला असतो. म्हणजे तो दिवा ३२०० वेळा लुकलुकला की एक युनिट झालं. घरातलं सगळं बंद करून फक्त नऊ वॅटचा दिवा लावा आणि पोराला हातात घड्याळ देऊन मीटरपुढे उभं करा. दोन मिनिटं होऊन जातात तेव्हा कुठे मीटर एकदा डोळा मिचकावतो. मग जुना पंच्याहत्तर वॅटचा पंखा लावा: मिनिटाला चार वेळा. नवा तीस वॅटचा बीएलडीसी पंखा असेल तर मिनिटाला दोनदाही नाही. मग हजार वॅटची इस्त्री लावा. लाल दिवा सेकंदा-सेकंदाला फडफडायला लागतो. हे ज्या पोराने एकदा डोळ्यांनी पाहिलं, त्याला घोषणा पाठ करायची गरज उरत नाही. आणि ते गप्प बसत नाही. आजीला, मामाला, दुकानदाराला मीटरपुढे ओढून दाखवतं. याला म्हणतात शिकवणं. खर्च शून्य. अडचण एकच: याचा फोटो भारी येत नाही.

सप्ताहवाल्यांना दुसरी एक गोष्ट दिसतच नाही, ती म्हणजे ऑटो स्विचमागचं कारण. शेतकऱ्यांना सांगतात, ऑटो स्विच काढा, कपॅसिटर बसवा. सांगणं बरोबर आहे. लाईन आल्याबरोबर सगळ्या मोटारी एकदम उठल्या की डीपीवर झटका बसतो. कपॅसिटर असेल तर मोटार कमी करंट ओढते, व्होल्टेज टिकतं. पण माणूस ऑटो स्विच का लावतो, हे विचारलं कोणी? रात्री एकला लाईन येणार, आणि स्टार्टर दाबायला वाघाच्या वाटेवरून जायचं. ऑटो स्विच त्याने आळसाने लावलेला नाही, जीव वाचवायला लावला आहे. आयटीआयची पोरं एका डीपीवरच्या दहा-पंधरा शेतकऱ्यांना एकत्र बसवून, कोणाची मोटार किती मिनिटांनी उठावी ते ठरवून टायमर लावून देऊ शकतात, कपॅसिटर तपासून देऊ शकतात. त्याने डीपी वाचेल, वीजही वाचेल. हे काम एखाद्या सप्ताहात तुम्ही पाहिलं आहे का?

आणि चूल. जंगलाकाठच्या गावात ऊर्जा म्हणजे आधी सरपण, मग वीज. ही गोष्ट फलक रंगवणाऱ्यांना ठाऊकच नसावी, कारण त्यांच्या चित्रात नेहमी बल्बच असतो. तीन दगडांच्या चुलीत लाकडाच्या उष्णतेतला जेमतेम दहावा हिस्सा भांड्याला लागतो, बाकी धूर होऊन बाईच्या डोळ्यांत जातो. उज्ज्वलाची शेगडी २०१६ पासून घरोघरी आली. सिलिंडर पुन्हा भरायचा तर पैसे लागतात, म्हणून मोळी सुटत नाही. चांगल्या सुधारित चुलीने सरपण निम्म्यावर येऊ शकतं. निम्मं सरपण म्हणजे जंगलातल्या निम्म्या खेपा, आणि सरपणाला गेलेल्या बायांचं काय होतं हे या जिल्ह्यात सांगावं लागत नाही. नववीच्या मुलींनी गावातल्या दहा चुलींवर आठवडाभर सरपण तोलून लिहिलं, तरी ते आजवरच्या सगळ्या घोषवाक्यांपेक्षा जास्त मोलाचं काम होईल. वजनकाटा शाळेच्या पोषण आहाराच्या खोलीत आहेच.

हे सगळं आम्ही स्वप्नात पाहिलेलं नाही. पुणे जिल्ह्यात पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथून निघालेल्या अभ्यासक्रमात आठवी ते दहावीची मुलं इतर कामांबरोबर ‘ऊर्जा आणि पर्यावरण’ हाताने शिकतात. वायर जोडतात, मोजतात, आणि शिकता शिकता गावाची कामं करून देतात. गाव त्यांचं ऐकतं, कारण त्यांनी केलेली जोडणी चालते. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा-लेखा गावाने अभ्यासगट चालवले. आधी माहिती, मग चर्चा, मग ग्रामसभेत निर्णय. आपल्याकडे क्रम उलटा आहे: आधी घोषणा, मग फोटो, मग चहा.

शिक्षकांवर आमचा राग नाही, हेही स्पष्ट लिहितो. त्यांच्यावर रोज नवा कागद येतो: आज ऊर्जा, उद्या स्वच्छता, परवा मतदार जागृती, आणि प्रत्येकाचा फोटो संध्याकाळपर्यंत पाठवा. पण ‘वरून आलंय’ म्हणून आठवीच्या पोराला बापाच्या दारात उभं करून ओरडायला लावणं, हे काही कोणत्याही कागदात लिहिलेलं नसतं. ती आपली आपण लावून घेतलेली सवय आहे.

म्हणून येत्या ऊर्जा बचत सप्ताहाच्या, म्हणजे १४ डिसेंबरच्या आधी, आपापल्या ग्रामसभेत आणि शाळा व्यवस्थापन समितीत एवढं मांडा. आमच्या पोरांची फेरी निघणार नाही. त्याऐवजी सहावीच्या पुढची मुलं पहिल्या दिवशी शाळेचं मीटर वाचतील, कोणत्या खोलीत काय चालू राहतं ते लिहून काढतील आणि बिल फळ्यावर लावतील. दुसऱ्या दिवशी ग्रामपंचायतीचं मीटर, आणि दिवसा जळणारे रस्त्यावरचे दिवे खांब मोजून. तिसऱ्या दिवशी, परवानगी मिळाली तर, तालुक्याच्या ठिकाणच्या कार्यालयांचं. नाही मिळाली, तर नाही म्हणणाऱ्याचं पद आणि तारीख वहीत. त्यानंतर गावातली घरं, ज्याला हवं त्याचंच, आणि तेही मीटरपुढे उभं राहून, फलक न घेता. शेवटच्या दिवशी ही वही ग्रामसभेपुढे वाचली जाईल. शेतीची लाईन त्या आठवड्यात किती दिवस रात्रीची होती, हेही त्याच वहीत असेल.

ठरावाचा नमुना या पत्रकाच्या मागच्या पानावर छापला आहे. गावाचं नाव भरा, सह्या घ्या, एक प्रत शाळेत द्या आणि पोच घ्यायला विसरू नका.

— चिमूर तालुक्यातील काही पालक, शेतकरी आणि माजी विद्यार्थी