तणनाशकाचीही नोंद हवी

उसाची लागण झाली की तीन-चार दिवसांत, सरीत ओल असताना, ॲट्राझिन मारायचे, ही नीरा डाव्या कालव्याखालच्या बारामती-इंदापूर पट्ट्यातल्या शेतकऱ्याला ठाऊक असलेली रीत. तण उगवतानाच जळते, ऊस मात्र तरारून येतो. मक्याचेही तसेच. औषधाला पीक आणि तण यांतला भेद कळतो असे नव्हे. पीक ते विष पचवते, म्हणून वाचते.

पचवणाऱ्या विकराचे नाव ग्लुटाथायोन ट्रान्सफरेज, थोडक्यात जीएसटी. (कराशी संबंध नाही.) ॲट्राझिनच्या रेणूतला क्लोरीन काढून त्या जागी ते ग्लुटाथायोन जोडते आणि विष निकामी होते. मक्यातली ही प्रक्रिया १९७१ पर्यंत उलगडली होती. पण एकच विकर निरनिराळी रसायने कशी हाताळते? विकराला नेमका बसणारा रेणूच चालतो, या एमिल फिशर या रसायनशास्त्रज्ञाने १८९४ मध्ये मांडलेल्या कुलूप-किल्लीच्या हिशेबात ते बसत नव्हते. विकराचे स्फटिक करून क्ष-किरणांनी रचना पाहिली तेव्हा उत्तर मिळाले. त्यात लगतच दोन जागा आहेत. एकीत ग्लुटाथायोन नेमके बसते. दुसरी ऐसपैस आणि पाण्यापेक्षा तेलकट रेणूंना जवळ करणारी. तिथे कोण येते याबाबत विकर फारसे चोखंदळ नाही. त्यामुळे मक्याचे जीएसटी ॲट्राझिन आणि ॲलाक्लोर ही रचनेने अगदी भिन्न तणनाशके निकामी करू शकते.

हेच विकर तणातही असते, खरी अडचण तिथे आहे. अमेरिकेत आपल्या पेटारीच्याच कुळातले एक तण जीएसटीच्या जोरावर ॲट्राझिनला पुरून उरले. इंग्लंडच्या गव्हात माजलेल्या एका गवताच्या जीएसटीचे जनुक दुसऱ्या वनस्पतीत घातले, तर तीही एकाहून अधिक तणनाशके सोसू लागली. हे २०१३ मध्ये प्रसिद्ध झाले. म्हणून तण मरत नाही अशा वेळी दुकानदाराने डबा बदलून दिला म्हणजे प्रश्न सुटला, असे समजू नये. पुष्कळदा डब्यावरचे नाव नवे आणि आतला घटक जुनाच असतो. घटक खरोखर बदलला, तरी अशा तणापुढे तो चालेलच असे नाही.

असे तण वेळीच हेरायचे तर नोंद हवी. माळेगाव, सोमेश्वर आणि भवानीनगरचा छत्रपती हे इथले साखर कारखाने. कारखान्याच्या ऊसनोंदीत लागणीची तारीख, जात, क्षेत्र सारे असते. त्यात आणखी एक रकाना घालावा : कोणते तणनाशक, किती मात्रेत, आणि फवारूनही कोणते तण उभे राहिले. तीन-चार हंगामांची अशी नोंद जमली, तर माळेगाव खुर्दच्या राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्थेला आणि शारदानगरच्या कृषी विज्ञान केंद्राला कोणत्या शिवारात काय घडते आहे ते आधीच कळेल. तोवर शेतकऱ्याने एवढे करावे : फवारणीतून वाचलेले तण बी धरण्याआधी खुरप्याने काढावे. मजुरी महाग आहे खरी. पण कोणत्याच औषधाला न जुमानणारे तण त्याहून महाग पडेल.