काट्यावर चढवण्याआधी एकदा चालवून बघा

नवी मुंबईतल्या तुर्भ्यात भंगाराचा भाव कळायला पेपर वाचावा लागत नाही. ठाणे-बेलापूर रस्त्याच्या एका अंगाला टीटीसी एमआयडीसीचे कारखाने, दुसऱ्या अंगाला एपीएमसीचा बाजार. पत्रा काय चाललाय, पुठ्ठा किती उतरला, तांबं कुठवर चढलं हे चहाच्या टपरीवरच समजतं. पण टेम्पोतून उतरलेल्या वॉशिंग मशीनमध्ये अजून काय काय चालू आहे, हे कुणी विचारत नाही. काटा वजन सांगतो, तेवढ्यावर व्यवहार होतो.

माझी उमेदीची वर्षं याच एमआयडीसीत मेंटेनन्सच्या कामात गेली. आता घरगुती यंत्रं दुरुस्त करतो. रोज जे बघतो त्यावरून माझं एकच म्हणणं आहे: वॉशिंग मशीन, आरओ, कूलर मोडीत काढताना त्यातला पाण्याचा पंप आधी चालवून बघावा, मगच तो वजनावर जावा.

कारण यंत्र मरतं ते बहुधा पंपामुळे नाही. फ्रंट लोड मशीन मोडीत निघतं ते ड्रमचं बेअरिंग गेलं म्हणून, नाहीतर पीसीबी जळाला आणि नव्याची किंमत ऐकून घरमालकाने हात टेकले म्हणून. कूलरची टाकी गंजते. आरओची तर वेगळीच गंमत. नवी मुंबईला मोरबे धरणाचं पाणी येतं. बोअरवेलसारखं ते क्षारांचं नाही, त्याला आरओची गरजच मुळात थोडी. तरी घरोघरी तो बसला. मग फिल्टर आणि मेम्ब्रेनचा खर्च परवडेना झाला, की तो उतरवून बाल्कनीत पडतो. आतला पंप मात्र ठणठणीत.

भंगारात त्या पंपाचं काय होतं? पत्रा एकीकडे, प्लास्टिक दुसरीकडे, मोठ्या मोटरचं वाइंडिंग सोलून तिसरीकडे. छोट्या पंपावर घणाचा एक घाव बसतो, कारण त्यातून मूठभर तांबं निघतं. हल्ली काही पंपांत ॲल्युमिनियमची तार असते, म्हणजे तेवढंही हाती लागत नाही. नवा घ्यायला गेलात तर वॉशिंग मशीनच्या ड्रेन पंपाला काही शे रुपये पडतात, आरओचा हजाराच्या घरात जातो. एवढा माल आपण चिल्लरीत फोडतो.

ड्रेन पंप हातात घेऊन बघा. पुढची जाळी उघडली की आत नाणी, पिना, शर्टाची बटणं आणि दोऱ्यांचा लगदा सापडतो. तो काढून पंखा बोटाने फिरवला तर सरळ फिरत नाही, अडखळत, टप्प्याटप्प्याने सरकतो. पुष्कळ जण तिथेच ‘जाम झाला’ म्हणून फेकतात. तो जाम नसतो. आत कायमचुंबकाचा रोटर असतो आणि चुंबक दर टप्प्याला धरून ठेवतो, म्हणून तसं लागतं. मीटर लावला आणि कॉइलचा रोध शे-दोनशे ओहमच्या आसपास आला, तर वाइंडिंग शाबूत आहे असं समजावं. चालू केल्यावर तो एकदा उजवीकडे फिरेल, एकदा डावीकडे. पाती सरळ असल्याने दोन्हीकडून पाणी फेकतो. त्याची कुवतही माहीत हवी. मशीनचा ड्रेन पाइप कंबरेएवढ्या उंचीवर लावतात, तेवढंच पाणी चढवायला तो बनवलेला असतो. वरच्या मजल्याची टाकी त्याने भरणार नाही. शिवाय तो थोडा वेळ चालून थांबण्यासाठी आहे, सतत चालवला तर तापतो. पावसाळ्यात दुकानाच्या खळग्यात साचलेलं पाणी काढायला, कूलरची किंवा धुण्याची टाकी रिकामी करायला मात्र तो पुरेसा आहे.

आरओचा पंप याच्या अगदी उलट. पाणी देतो मिनिटाला लिटरच्या आसपास, पण दाबाने देतो. आत रबरी पडदा असतो, त्यामुळे पाणी स्वतः खेचून घेतो. बहुतेक पंप 24 व्होल्टवर चालतात, काही 36 व्होल्टवर. ॲडॉप्टर मात्र त्याच व्होल्टेजचा हवा. एपीएमसीत गाळा असलेल्या माझ्या ओळखीच्या एकाने असा पंप आणि एक फवाऱ्याचं नोझल लावून घेतलंय. पिण्याचं स्वच्छ पाणी बादलीत ठेवायचं, दुपारी बटण दाबलं की कोथिंबीर-मेथीवर बारीक तुषार. पूर्वी पोरगा मग घेऊन शिंतोडे मारत बसायचा, निम्मं पाणी जमिनीवर जायचं. सोसायटीत एसीचं पाणी बादलीत साठवून कुंड्यांना बारीक नळीने द्यायलाही हाच पंप चालतो.

आता धोक्याचं बोलतो. ड्रेन पंप 230 व्होल्टचा आहे आणि मशीनच्या आत तो अर्थिंग असलेल्या पेटीत सुरक्षित बसलेला असतो. बाहेर काढला की ते संरक्षण गेलं. उघड्या टर्मिनलला वायर गुंडाळून तो पाण्याजवळ ठेवणं म्हणजे जिवाशी खेळ. त्याला बंद डबी हवी, अर्थिंग हवं, आणि मागे 30 मिलिअँपिअरच्या गळतीला वीज तोडणारा आरसीसीबी हवा. हे जमणार नसेल तर त्या वाटेला जाऊच नका, 24 व्होल्टचा पंप वापरा. पिण्याच्या पाण्यासाठी जुना ड्रेन पंप कधीच वापरू नये, आयुष्यभर त्याने साबणाचं घाण पाणी उपसलेलं असतं.

आणि एक गोष्ट वस्तीतल्या माणसांना बजावून सांगायची. कुठलाही पंप महापालिकेच्या नळाला थेट जोडायचा नाही. पाणी थोडाच वेळ येतं, दाब नसतो, हे मी जाणतो. पण आपण ओढलं की पुढच्या घराची धार तुटते, आणि पाइपला चीर असेल तर शेजारच्या गटाराचं पाणीही आत खेचलं जातं. स्वस्तात पंप मिळाला म्हणून शेजाऱ्याच्या वाट्याचं पाणी आपलं होत नाही.

सरकारी नियमांत या पंपाला जागा आहे का? 2022 चे ई-कचरा नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत. उत्पादकाने विकलेल्या मालाची पुढे जबाबदारी घ्यायची, हे त्यातलं तत्त्व चांगलं आहे. पण हिशेब मांडला जातो तो सोनं, तांबं, ॲल्युमिनियम आणि लोखंडाच्या वजनात. दुरुस्ती करून विकणाऱ्याला नियमांत स्थान आहे, तेही वस्तू मूळ कामासाठीच पुन्हा वापरात आणली तर. मशीनचा पंप काढून तो खळग्यातलं पाणी उपसायला दिला, तर हे काम कुठल्या रकान्यात लिहायचं? 2022 मध्ये जगभरात 6 कोटी 20 लाख टन ई-कचरा निघाला, असं संयुक्त राष्ट्रांचा अहवाल सांगतो. त्याच्या चौथ्या हिश्शाइतकाही रीतसर गोळा होऊन पुनर्प्रक्रियेला गेल्याची नोंद नाही. वितळवण्याची व्यवस्था वाढायलाच हवी. पण जे चालतं ते आधी वितळवायचं आणि त्याच धातूतून पुन्हा तेच घडवायचं, यात कसली आली बचत?

यावर लोक म्हणतात, जुन्या पंपाची गॅरंटी कोण देणार? कुणी देऊ नये. ‘तपासला, चालतो, अमुक व्होल्ट’ एवढी चिठ्ठी लावून द्यावा, घेणाऱ्याने समजून घ्यावा. दुसरी शंका भंगारवाल्याच्या पोटाची. त्याचं नुकसान होत नाही, उलट चालता पंप पंप म्हणून विकला तर तांब्यापेक्षा चार पैसे जास्तच सुटतात. त्याला हवंय फक्त तपासायचं टेबल आणि गिऱ्हाईक.

ते टेबल महापालिकेने द्यावं. मे 2023 मध्ये केंद्राच्या स्वच्छता मोहिमेत देशभरातल्या शहरांत जुने कपडे, पुस्तकं, खेळणी जमा करायची केंद्रं निघाली. तीच कल्पना पुढे न्यायची. तुर्भ्यात, जिथे शहराचं भंगार येतंच, तिथे एक खोली, एक मीटर, आरसीसीबी लावलेला एक बोर्ड आणि पाण्याची एक टाकी. आठवड्यातून एक दिवस आयटीआयच्या इलेक्ट्रिशियन ट्रेडची मुलं बसवा. त्यांना हात चालवायला खरा माल मिळेल, आणि विभागातल्या भंगारवाल्यांना कुठला माल फोडायचा नाही हे कळेल. यासाठी मोठं टेंडर लागत नाही.

महापालिका करेल तेव्हा करेल. तोवर तुम्ही एवढं करा. जुनं यंत्र दारातून बाहेर काढायच्या दिवशी मेकॅनिकला सांगा, पंप काढून दे. पाच-दहा मिनिटांचं काम आहे. स्वतःला नको असेल तर जवळच्या दुरुस्तीवाल्याला द्या, आणि पंप निघाल्यावरच उरलेलं यंत्र काट्यावर चढवा.