छत्री आमच्या छपरावर, निवड कुणाची?

आमच्या लहानपणी टीव्हीची निवड नावाची भानगडच नव्हती. १९८७-८८ साली रविवारी सकाळी 'रामायण' लागायचे, तेव्हा अर्धा वाडा शेजारच्या घरात जमायचा. चित्र हलू लागले की घरमालक कौलांवर चढून अँटेना फिरवायचे आणि वरूनच ओरडायचे, "आयलें काय रे?" खालून आम्ही पोरे एका सुरात उत्तर द्यायचो, "ना!" जे दिसेल ते बघायचे आणि न दिसले तर उदबत्ती विझवून घरी जायचे.

आज त्याच वाड्यावर प्रत्येक छपरावर छत्री आहे. डब्यात शेकड्यांनी वाहिन्या आहेत. आणि तरीही, स्पष्टच सांगतो, त्या काळी आपल्याला जेवढी निवड होती तेवढीच आजही आपण वापरतो. म्हणजे शून्य! फरक एवढाच की तेव्हा फुकट होते आणि आता दर महिन्याला पैसे जातात.

मी सरकारी कारकून. एक कागद कमी असेल तर अर्ज परत पाठवणे हा माझा धर्म. तीन ठिकाणी सही आणि दोन ठिकाणी शेरा असल्याशिवाय फाईल पुढे सरकवत नाही, म्हणून लोक शिव्या देतात. असा हा मी, घरच्या टीव्हीच्या बाबतीत मात्र काय केले? छत्री बसवायला आलेल्या पोराने विचारले, "अंकल, फॅमिली पॅक घालू?" मी म्हटले, "घाल." संपले. ना टिपणी, ना शेरा.

त्याची फळे २०१९ साली मिळाली. त्या वर्षी १ फेब्रुवारीपासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाची, म्हणजे ट्रायची, नवी दरपद्धत लागू झाली. प्रत्येक वाहिनीची सुटी किंमत जाहीर करायची आणि ग्राहकाने हव्या त्याच वाहिन्या निवडायच्या, असा तो नियम. ज्यांनी काही निवडले नाही त्यांना कंपनीने आपल्याच अंदाजाने एखाद्या योजनेत घालावे, असेही पुढे ठरले. आम्ही अर्थातच काही निवडले नव्हते. एका संध्याकाळी आईने रिमोट दाबला तर तिची नेहमीची मराठी वाहिनी गायब. त्याजागी पाटी, 'सदस्यत्व घ्या'. बाकी कार्टून होती, तीन-चार भाषांतली गाणी होती, आणि तिला ज्यातले ओ की ठो कळत नाही असले बरेच काही होते.

मी कंपनीला फोन लावला. (नाव सांगत नाही. बाकीच्या फार वेगळ्या आहेत असेही नाही.) पलीकडची मुलगी अतिशय गोड आवाजात हिंदीत म्हणाली, "सर, आपका स्टेट गोवा है, मराठी पॅक महाराष्ट्र के लिए है."

झाले! पन्नास वर्षे मराठी वर्तमानपत्र वाचणाऱ्या, गावच्या उत्सवात रात्र-रात्र जागून मराठी नाटके बघणाऱ्या माझ्या आईची भाषा एका वाक्यात सीमेपलीकडे गेली. पत्रादेवीच्या अलीकडे मराठी नाही, असा निकाल तिने लावला आणि वर विचारले, "और कोई सहायता?"

मला राग आला तो त्या मुलीचा नव्हे. तिच्यासमोर संगणकावर जे लिहिले होते ते तिने वाचले. राग माझा मलाच आला. कारण तिने सांगितलेले चूक होते, आणि ते चूक आहे हे मला त्या वेळी माहीत नव्हते.

नियमात कुठेही राज्याची अट नाही. पॅक ही कंपनीची आणि वाहिनीवाल्यांची दुकानदारी आहे. सुटी वाहिनी हा तुमचा हक्क आहे. कंपनीच्या यादीत जी वाहिनी आहे ती गोव्यातल्या माणसाला मिळते, बेळगावातल्या मिळते, बडोद्यातल्याही मिळते. बेळगावची माझी मावशी कित्येक वर्षे कन्नड पॅकवर 'मराठीचे वरचे पैसे' भरत होती. पॅक काढून टाकता येतो हे तिला कुणी सांगितलेच नव्हते. सांगणार कोण? ज्याचा माल पॅकमध्ये खपतो तो थोडाच सांगणार आहे!

आता हिशोब. पॅकमध्ये घालायची असेल तर त्या वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांहून जास्त ठेवता येत नाही. २०२० साली ही मर्यादा १२ रुपये ठरवली होती, ती नोव्हेंबर २०२२ च्या दुरुस्तीत पुन्हा १९ झाली. त्याशिवाय वाहिन्या पोचवण्याचे म्हणून एक मूळ शुल्क असते. ते आधी दोनशे वाहिन्यांपर्यंत १३० रुपये अधिक १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, यापलीकडे जाऊ शकत नव्हते. जुलै २०२४ मध्ये ट्रायने ही मर्यादा काढून टाकली. म्हणजे आता हे शुल्क कंपनी ठरवते आणि ते विचारून घेणे आपले काम आहे. जुना १३० चाच आकडा धरून बघा. प्रत्येकी १९ च्या चार वाहिन्या घेतल्या तर ७६, त्यावर कर धरून ८९ रुपये ६८ पैसे. दोन्ही मिळून २४३ रुपये ८ पैसे. दूरदर्शनच्या सक्तीच्या आणि बाकीच्या मोफत वाहिन्या यातच आल्या. 'सह्याद्री'ला वेगळा पैसा पडत नाही. तुमच्या पॅकचे बिल काढा आणि शेजारी ठेवा.

प्रामाणिकपणे हेही सांगतो की पॅक नेहमीच महाग पडतो असे नाही. एकाच समूहाच्या पाच-सहा वाहिन्या तुम्ही खरोखर बघत असाल तर पॅक स्वस्त पडेल. पण 'खरोखर' हा शब्द महत्त्वाचा. आमच्या घरी मी एक महिनाभर कॅलेंडरच्या मागे नोंद ठेवली. दोनशेहून जास्त वाहिन्यांपैकी चार माणसांनी मिळून बघितल्या नऊ! बाकीच्यांचे आम्ही नुसते भाडे भरत होतो.

हे सगळे मी कचेरीत बोललो तेव्हा तीन प्रकारचे आक्षेप आले.

पहिला, "अरे, वीस-तीस रुपयांसाठी एवढे डोके कशाला शिणवतोस?" प्रश्न वीस रुपयांचा नाही. वाहिनी कोण मागतो हे कंपनीच्या वहीत लिहिले जाते. गोव्यातल्या हजार घरांनी मराठी वाहिन्या नावानिशी मागितल्या तर 'गोव्यात मराठी आहे' अशी नोंद तिथे होते. जे येईल ते घेतले तर काहीच नोंद होत नाही. मागणीअर्जच आला नाही तर मंजुरी कसली देणार? हे मी कारकून म्हणून सांगतो.

दुसरा आक्षेप, "टीव्ही आता बघतो कोण? सगळे मोबाईलवर." थोडे खरे आहे. सशुल्क डीटीएचची घरे २०१९ साली ७ कोटींहून अधिक होती, ती २०२४ च्या अखेरीस ६ कोटींच्या खाली आली. पण जी मंडळी टीव्हीपुढे उरली आहेत ती कोण? आपले आईवडील. ज्यांना पासवर्ड लक्षात राहत नाही आणि चष्मा लावूनही मोबाईलवरची अक्षरे दिसत नाहीत ती माणसे. शिवाय सत्तरीत आणि काणकोणात असे कितीतरी वाडे आहेत, जिथे मोबाईलला रेंज मिळवायला अंगणात यावे लागते. त्यांची संध्याकाळ या डब्यावर अवलंबून आहे. त्या संध्याकाळी कुठली भाषा कानावर पडावी हे दिल्ली-मुंबईच्या कुणीतरी ठरवायचे काय?

तिसरा आक्षेप सर्वांत टोकदार. "गोव्यात कोकणी असताना तुझे मराठीचे तुणतुणे कशाला?" मित्रहो, मी घरी कोकणी बोलतो आणि मराठी वाचतो-लिहितो. माझ्यासारखी हजारो घरे या राज्यात आहेत. १९८७ च्या कायद्याने कोकणी राजभाषा झाली आणि मराठीही शासकीय कामासाठी वापरता येईल असे त्यात लिहिले. त्यावर आपण चाळीसेक वर्षे भांडतो आहोत, खुशाल भांडू. पण छपरावरच्या छत्रीकडे बघा. कोकणीला तिथे काय मिळाले? पणजी दूरदर्शनची 'डीडी गोवा' ही वाहिनी उपग्रहावर, दूरदर्शनच्या फ्री डिशवर यायला २०१९ साल उजाडले. बड्या कंपन्यांच्या पॅकमध्ये कोकणीच्या नावाचा रकाना शोधून दाखवा. एका बहिणीला 'तुझे राज्य वेगळे' म्हणून बाहेर ठेवतात, दुसरीला 'तुझी माणसे थोडी' म्हणून. दोघी एकाच उंबरठ्यावर उभ्या आहेत आणि आपण कुणाचे लुगडे भारी यावर वाद घालतो.

यामागे कारणही आहे. उपग्रहाचा झोत एका जिल्ह्यापुरता पडत नाही, साऱ्या देशावर पडतो. तिथली जागा महाग. पंधरा-सोळा लाखांच्या राज्यातली छोटी वाहिनी ती परवडणार कशी? म्हणून गोव्यातल्या स्थानिक बातम्यांच्या वाहिन्या केबलच्या जोरावर उभ्या राहिल्या. गावची बातमी हवी असेल तर छत्री घेण्याआधी ती वाहिनी मिळते का हे नाव घेऊन विचारा. नसेल तर केबल बरी. तिथेही हाच सुट्या वाहिन्यांचा नियम आहे.

मग कंपनी निवडायची कशी? उलट्या क्रमाने. आधी कंपनी नव्हे, आधी यादी. घरातल्या प्रत्येकाला विचारून, आईला सर्वांत आधी विचारून, वाहिन्या कागदावर लिहा. सशुल्क कंपन्या आहेतच किती? टाटा प्ले (२०२२ पर्यंतचे टाटा स्काय), एअरटेल, डिश टीव्ही आणि त्यातच २०१८ साली विलीन झालेले डीटूएच, आणि सन डायरेक्ट. प्रत्येकाला तीच यादी वाचून दाखवा. यातल्या किती आहेत? सुट्या घेतल्या तर मूळ शुल्क आणि कर धरून महिन्याला किती? वाहिनी बदलायची असेल तर कशी? जो नीट उत्तर देईल तो आपला. घाई करू नका, कारण एका कंपनीचा डबा दुसरीला चालत नाही. मोबाईलचा नंबर नेता येतो तसा इथे काही नेता येत नाही. चुकलात तर नवा डबा.

'आमची छत्री पावसात जात नाही' असे कुणी सांगितले तर त्याला चहा पाजा आणि घरी पाठवा. डीटीएचच्या लहरी ज्या पट्ट्यात असतात त्यांना मुसळधार पाऊस अडवतोच, आणि आपल्याकडे वर्षाला १२० इंच कोसळतो. चवथीच्या दिवसांत एखादी जोराची सर आली की कुठल्याही कंपनीचे चित्र जाणार. मोठी छत्री, अचूक जुळणी आणि पाणी न शिरणारा सांधा यांनी ते कमी वेळा जाते, एवढेच. दुसरे म्हणजे या सगळ्या कंपन्यांचे उपग्रह आपल्यापासून दक्षिण ते पूर्व या दिशांना आहेत. काही बरेच डोक्यावर, काही पूर्वेकडे खाली कललेले. तुमच्या घराच्या पूर्वेला माडांची रांग असेल तर बसवणाऱ्याला आधी आकाश दाखवा, मग पैसे द्या. माड दर वर्षी वाढतो, छत्री वाढत नाही.

आणि ज्यांना महिन्याचे पैसेच भरायचे नाहीत त्यांना फ्री डिश आहे. डबा आणि छत्री एकदा विकत घेतली की महिन्याचे शुल्क नाही. झी मराठी, स्टार प्रवाह, कलर्स मराठी या वाहिन्या सशुल्क आहेत, त्यांची अपेक्षा तिथे ठेवू नका. खाजगी वाहिन्यांना तिथली जागा लिलावात घ्यावी लागते, त्यामुळे यंदा असलेली वाहिनी पुढच्या वर्षी असेलच असे नाही. पण 'सह्याद्री' आणि 'डीडी गोवा' आहेत. कित्येक म्हाताऱ्या माणसांना तेवढे पुरते.

आमच्या घरी शेवटी काय झाले? दुसऱ्या दिवशी मी पुन्हा फोन लावला. या वेळी कागद समोर ठेवून. "पॅक काढा. मी अकरा नावे वाचतो, ती घाला." पलीकडचा मुलगा तीनदा म्हणाला, "सर, पॅक में फायदा है." मी तीनदा म्हटले, "नको." वीस मिनिटे गेली. संध्याकाळी आईची मालिका लागली. तिला यातले काही ठाऊक नाही. तिने फक्त विचारले, "आयलें?" मी म्हटले, "आयलें."

असो. बिलाची तारीख जवळ आली असेल. या रविवारी जेवणानंतर कागद घेऊन बसा आणि घरात खरोखर बघितल्या जाणाऱ्या वाहिन्या मोजा. नंतर फोन लावा. मराठीची नावे सर्वांत वर लिहा, आणि वाचताना ठसठशीत वाचा.